मुंबईच्या डबेवाल्यांची स्वायत्त कार्यपद्धती

मुंबईच्या डबेवाल्यांची स्वायत्त कार्यपद्धती म्हणजे घरी शिजवलेले जेवण कामाच्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या डबेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घडवत आणलेली, स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या लहान गटांवर उभी असलेली काम करण्याची रीत होय. या व्यवस्थेत नियम मोजकेच आहेत, कामावर देखरेख ठेवणारा वेगळा अधिकारीवर्ग नाही आणि डबेवाला हा कोणाचा पगारी नोकर नसून आपल्या गटाचा भागीदार असतो. मात्र वेळ, डब्यावरील खुणा आणि कामावरचे वर्तन यांविषयीचे जे थोडे नियम आहेत, ते अतिशय काटेकोरपणे पाळले जातात. कर्मचाऱ्यांना नियमांच्या जाळ्यात न अडकवता निर्णयाची मोकळीक दिली तर काम कसे चालते, ती मोकळीक कशावर टिकते आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांच्या अभ्यासासाठी ही कार्यपद्धती महत्त्वाची मानता येते.

पार्श्वभूमी

डबे पोहोचवण्याच्या व्यवसायाची सुरुवात मुंबईत इ.स. १८९० च्या सुमारास झाली. महादेव हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांना सोबत घेऊन ही सेवा सुरू केल्याचे सांगितले जाते. कापड गिरण्या, गोदी, पेढ्या आणि सरकारी कचेऱ्या यांमुळे मुंबईत देशभरातून माणसे येत होती. प्रत्येकाचे खाणेपिणे, सोवळेओवळे आणि चव वेगळी असल्याने घरच्या जेवणाची गरज मोठी होती. सकाळी लवकर घर सोडणाऱ्या माणसाबरोबर डबा देणे बहुतेक घरांना शक्य होत नसे. ही अडचण डबेवाल्यांनी दूर केली.

या व्यवसायात आलेली माणसे प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील, तसेच अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील होती. सह्याद्रीच्या कुशीतील या भागात पावसाळी शेतीवर वर्षभराचा चरितार्थ चालत नसे. गावातील एक जण मुंबईला गेला की तो पुढे भावाला, भाच्याला, मेहुण्याला बोलावून घेई. अनेक डबेवाले वारकरी संप्रदायाचे असून अन्न वेळेवर पोहोचवणे हे सेवाकार्य आहे अशी त्यांची भावना असते. नातेसंबंध, एक भाषा आणि समान श्रद्धा यांतून निर्माण झालेला परस्परविश्वास हा या कार्यपद्धतीचा पाया आहे.

व्यवसायाला संस्थात्मक रूप नंतर मिळाले. १९५६ मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्ट या नावाने धर्मादाय न्यासाची नोंदणी झाली आणि १९६८ मध्ये व्यावसायिक बाजू पाहणारी संघटना स्थापन झाली. म्हणजे काम आधी उभे राहिले आणि संस्था त्यानंतर आली. त्यामुळे संस्थेचे स्वरूप वरून हुकूम सोडणाऱ्या कंपनीसारखे न होता गटांना जोडणाऱ्या मंडळासारखे राहिले.

संघटनेची रचना

२०१० च्या सुमारास मुंबईत सुमारे ५,००० डबेवाले दररोज १,३०,००० हून अधिक डबे पोहोचवत होते. प्रत्येक डबा सकाळी नेला जातो आणि दुपारी रिकामा परत आणला जातो. म्हणून रोजच्या फेऱ्यांची संख्या याच्या दुप्पट, म्हणजे २,६०,००० च्या वर जाते. हे सर्व काम सुमारे २०० गटांत विभागलेले होते. एका गटात साधारणपणे २५ माणसे असत.

गट हा या व्यवस्थेचा खरा घटक आहे. गिऱ्हाईक गटाचे असते, पैसा गटाकडे जमा होतो आणि खर्चही गटच करतो. कोणत्या भागातून डबे घ्यायचे, कोणी कोणती वाट धरायची, किती दर आकारायचा, नवा माणूस घ्यायचा की नाही, हे निर्णय गटाच्या पातळीवर होतात. अंतर, डब्यांची संख्या आणि पोहोचवण्याची अडचण पाहून दर ठरवला जातो.

गटाचे नेतृत्व अनुभवी मुकादमाकडे असते. डब्यांची वाटणी, भांडणाचा निवाडा, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि नवशिक्यांची तयारी ही त्याची कामे होत. मुकादम प्रत्यक्ष कामातूनही मोकळा नसतो. कोणी गैरहजर राहिले तर त्यालाही डबे उचलावे लागतात. गटांच्या वर निवडून आलेल्या प्रतिनिधींचे मध्यवर्ती मंडळ असते. रेल्वे आणि महापालिका यांच्याशी बोलणी करणे, गटागटांतील वाद मिटवणे आणि चोरीसारख्या गंभीर प्रकरणांची चौकशी करणे ही कामे मंडळ करते. गटाच्या रोजच्या कामात ते सहसा हस्तक्षेप करत नाही. अशा प्रकारे डबेवाला, मुकादम आणि मंडळ अशा तीनच पायऱ्यांत संपूर्ण रचना सामावते.

दैनंदिन काम

सकाळी साधारण साडेआठ-नऊपासून डबेवाला आपल्या वाट्याच्या घरांतून डबे गोळा करतो. एका माणसाकडे साधारणपणे ३० च्या आसपास गिऱ्हाइके असतात. सायकलवरून किंवा पायी हे डबे जवळच्या उपनगरी रेल्वे स्थानकावर आणले जातात. तेथे त्यांची उतरण्याच्या स्थानकांनुसार वर्गवारी होते आणि डबे लांबट लाकडी पाट्यांत भरून लोकलच्या मालडब्यात चढवले जातात. लोकल स्थानकावर २० ते ४० सेकंदच थांबते. तेवढ्या वेळात डोक्यावरील जड पाटी आत चढवणे किंवा खाली उतरवणे आवश्यक असते.

उतरण्याच्या स्थानकावर दुसऱ्या गटांची माणसे डबे घेतात, पुन्हा वर्गवारी होते आणि साडेबारा-एकच्या सुमारास डबा गिऱ्हाइकाच्या कार्यालयात पोहोचतो. जेवणाची वेळ संपल्यावर हाच प्रवास उलट दिशेने होतो. एक डबा असा अनेक हातांतून जातो. जाताना आणि येताना त्याला हाताळणारी माणसे एकाच गटाची असतीलच असे नाही.

डब्यावरील खुणा

डबा योग्य ठिकाणी जाण्यासाठी त्याच्या झाकणावर रंगाने खुणा केलेल्या असतात. मध्यभागी मोठा आकडा असतो. तो डबा कोणत्या भागात पोहोचवायचा हे सांगतो. कडेला इमारतीची आद्याक्षरे, मजला आणि तेथे डबा देणाऱ्या डबेवाल्याचा क्रमांक असतो. रंग, आकार किंवा अक्षरे यांवरून डबा कोणत्या स्थानकावरून निघाला हे कळते. पूर्वी यासाठी रंगीत धागे व कापडाच्या चिंध्या वापरत. बहुतेक डबेवाल्यांचे शालेय शिक्षण बेताचे, सरासरी आठवीच्या आसपास झालेले असते. सर्वांना धावपळीतही वाचता येईल इतक्या सोप्या या खुणा आहेत.

या खुणांत गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता नसतो. घर, मजला, जिना, दार उघडायला लागणारा वेळ हे सारे डबा गोळा करणाऱ्याला पाठ असते, कारण तो वर्षानुवर्षे त्याच वाटेने जातो. जी माहिती दुसऱ्याच्या हाती सोपवायची असते तीच डब्यावर लिहिली जाते. जी स्वतःपुरती असते ती स्मरणावर सोडली जाते. नियम कोठे हवा आणि कोठे नको याचा निवाडा या एका गोष्टीतून स्पष्ट होतो.

काटेकोर नियम

डबेवाल्यांच्या कामातील नियम पुढील बाबींपुरते मर्यादित आहेत.

वेळ: ठरलेली लोकल चुकता कामा नये. एक पाटी मागे राहिली तर पुढच्या सर्व टप्प्यांवरील माणसे अडकून पडतात.

खुणा: खुणांची पद्धत सर्व गटांना समान असते. कोणत्याही गटाला ती आपल्या सोयीने बदलता येत नाही.

पोशाख व ओळख: कामावर पांढरी गांधी टोपी आणि ओळखपत्र आवश्यक असते. गर्दीतही डबेवाला ओळखू यावा आणि कार्यालयात त्याला सहज प्रवेश मिळावा हा त्याचा उपयोग.

वर्तन: कामाच्या वेळेत मद्यपान वर्ज्य असते. डबे पोहोचवून होईपर्यंत स्वतः जेवायचे नाही असाही संकेत आहे. पूर्वसूचना न देता गैरहजर राहणे दोषास्पद मानले जाते.

नियम मोडल्यास दंड होतो. वारंवार चुका करणाऱ्यास गटातून काढलेही जाते. हे सर्व नियम एका हातातून दुसऱ्या हातात डबा जातो त्या जागेचे रक्षण करणारे आहेत. एका गटाची चूक दुसऱ्या गटाला भोगावी लागते तेथे नियम कडक आहे. जेथे चुकीचा परिणाम करणाऱ्यापुरता राहतो तेथे मोकळीक आहे.

कामातील मोकळीक

या मोजक्या नियमांपलीकडे डबेवाला आणि त्याचा गट पुष्कळसे निर्णय जागेवर घेतो. घरे कोणत्या क्रमाने घ्यायची, सायकल न्यायची की पायी जायचे, पाऊस भरला तर कोणती गल्ली टाळायची, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. लोकल बंद पडली तर त्या जागी असलेली माणसे आपसांत बोलून मार्ग काढतात. असे प्रसंग निभावता यावेत म्हणून गटात दोन-तीन जादा माणसे ठेवलेली असतात. शिवाय गोळा करणे, वर्गवारी, पाटी उचलणे आणि पोहोचवणे ही सर्व कामे प्रत्येकाला येत असल्याने कोणीही कोणाची जागा घेऊ शकतो.

गिऱ्हाइकाशी वागण्यातही ही मोकळीक दिसते. एखाद्या घरून डबा सतत उशिरा मिळत असेल तर आधी समज दिली जाते. सुधारणा झाली नाही तर ते गिऱ्हाईक सोडून देण्याचा अधिकार डबेवाल्याला आणि गटाला असतो. एका घरासाठी उरलेल्या एकोणतीस घरांचे जेवण उशिरा पोहोचवणे त्यांना मान्य नसते. बहुतेक नोकऱ्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्याला असा अधिकार नसतो.

भागीदारी आणि जबाबदारी

नवा माणूस बहुधा ओळखीतून किंवा नात्यातून येतो. त्याला काही महिने उमेदवारी करावी लागते. वाटा, खुणा आणि गिऱ्हाइके समजली, गटाला त्याचा भरवसा वाटला, की त्याला भागीदार करून घेतले जाते. भागीदार होताना त्याला स्वतःचे भांडवल घालावे लागते. सायकल, लाकडी पाटी, पांढरे कपडे आणि टोपी ही साधनेही ज्याची त्यालाच आणावी लागतात.

महिनाअखेरीस गटाच्या जमेतून रेल्वेचे पास, देखभाल व इतर खर्च वजा करून उरलेली रक्कम भागीदारांत जवळजवळ समान वाटली जाते. त्यामुळे एकाच्या हलगर्जीने गिऱ्हाईक तुटले तर त्याचा तोटा सर्वांना होतो. देखरेख करणारा अधिकारी नसला तरी देखरेख नाही असे म्हणता येत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामाकडे लक्ष ठेवून असतो. अनेक माणसे आयुष्यभर एकाच गटात काम करतात, म्हणून गटातील पत सांभाळणे हे दंड चुकवण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

सामूहिक निर्णयाचे एक ठळक उदाहरण १९ ऑगस्ट २०११ रोजी दिसले. त्या दिवशी अहमदनगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी काम बंद ठेवले. सुमारे १२० वर्षांच्या इतिहासातील हा त्यांचा पहिला संप असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी काही दिवस सेवा बंद ठेवण्याची जी प्रथा आहे, तीही सर्वानुमते ठरलेली असून गिऱ्हाइकांना तिची आगाऊ कल्पना दिली जाते.

सैद्धान्तिक संदर्भ

कामाचे बारीक तुकडे करून प्रत्येक हालचाल वरून ठरवून द्यावी, हा विचार अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैज्ञानिक व्यवस्थापनविषयक ग्रंथात मांडला. विचार करणे व्यवस्थापकाचे आणि काम करणे कामगाराचे, अशी विभागणी त्यात गृहीत होती. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी याला उत्तर देणारी मांडणी केली. माणूस मुळात कामचुकार असतो असे धरून चालणाऱ्या दृष्टिकोनाला त्यांनी 'क्ष सिद्धान्त' आणि योग्य परिस्थितीत माणूस आपणहून जबाबदारी घेतो असे मानणाऱ्या दृष्टिकोनाला 'य सिद्धान्त' म्हटले. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी कामातील समाधानाशी निगडित घटकांत स्वायत्ततेला महत्त्वाचे स्थान दिले.

डबेवाल्यांची पद्धती या ग्रंथांतून आलेली नाही. ती त्यांच्याही आधीची आहे. टेलर यांच्या मांडणीच्या वीस वर्षे अगोदर डबे पोहोचू लागले होते. मात्र या सिद्धान्तांच्या साहाय्याने तिचे स्वरूप समजून घेता येते. वेळापत्रकाच्या बाबतीत ती टेलर यांना आवडावी इतकी शिस्तबद्ध आहे, तर निर्णयाधिकाराच्या बाबतीत मॅकग्रेगर यांच्या 'य सिद्धान्ता'ला जवळची आहे.

इतर प्रयोगांशी तुलना

अहमदाबादची कॅलिको गिरणी: तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे साराभाई कुटुंबाच्या कॅलिको गिरणीत १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी एक प्रयोग केला. नव्या स्वयंचलित मागांच्या खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि १२ प्रकारची वेगवेगळी कामे होती. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरते काम करी आणि अपेक्षित उत्पादन निघत नसे. ठराविक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे सोपवावी ही कल्पना पुढे येताच कामगारांनीच ती उचलून धरली आणि आपसांत गट पाडले. काही महिन्यांत उत्पादन सुधारले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. राइस यांनी हा वृत्तान्त १९५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सुमारे सोळा वर्षांनी, १९७० मध्ये, एरिक मिलर यांनी तेथे पुन्हा पाहणी केली. तेव्हा एका खात्यात गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती, पण इतरत्र काम कमीअधिक प्रमाणात जुन्या वळणावर गेले होते. वरून दिलेली मोकळीक परिस्थिती बदलली की परत घेतली जाऊ शकते, हा या प्रयोगाचा धडा मानता येतो. डबेवाल्यांची मोकळीक मालकीतून आलेली असल्याने ती परत घेणारा कोणी मालक नाही.

नेदरलँड्समधील बुर्टझोर्ख: योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेतील परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करतात. जास्तीत जास्त बारा जणींचा गट आपल्या भागातील रुग्ण, वेळापत्रक आणि नवी भरती स्वतः ठरवतो. गट लहान ठेवणे आणि भाग ठरवून देणे या दोन्ही बाबतींत त्यांचे डबेवाल्यांशी साम्य आहे. फरक असा की या परिचारिका पगारी कर्मचारी असून त्यांना नोकरीचे संरक्षण आहे.

अहमदनगरचा लखीना प्रयोग: १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामकाजात सुधारणा केल्या. अभिलेखांचे वर्गीकरण, बैठकव्यवस्थेची फेरआखणी आणि कामांची स्पष्ट वाटणी यांवर त्यात भर होता. ही सुधारणा महाराष्ट्रात 'लखीना पॅटर्न' या नावाने ओळखली जाते. सरकारी कचेरीत कायद्याने ठरलेली कार्यपद्धती सोडता येत नाही, कारण सर्व नागरिकांना समान वागणूक मिळाली पाहिजे. तेथे मोकळीक देण्याऐवजी नियमांची वाट सरळ आणि सर्वांना दिसेल अशी करणे हा मार्ग ठरतो.

ऊसतोडणीच्या टोळीशी तुलना

'मुकादम' हा शब्द महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यातही परिचित आहे. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांतील कोरडवाहू भागांतून ऊसतोड मजूर टोळीने बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. टोळीचा मुकादम असतो, मजुरी टनावर मिळते, हजेरीचे घड्याळ नसते आणि फडात अधिकारी उभा नसतो. वरवर पाहता हीही नियमांविना चालणारी, गटावर आधारलेली कामाची रीत आहे.

प्रत्यक्षात दोन्ही व्यवस्थांत मूलभूत अंतर आहे. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. दर त्याने ठरवलेला नसतो. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे काम चुकले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. मुकादम टोळीने निवडलेला नसून टोळीला उचल देणारा असतो. डबेवाला भांडवल घालून गटात येतो, तर ऊसतोड मजूर कर्ज घेऊन टोळीत येतो. एकाला गिऱ्हाईक नाकारता येते, दुसऱ्याला फड नाकारता येत नाही. त्यामुळे नियमांचा अभाव एवढ्यावरून एखादी व्यवस्था स्वायत्त ठरवता येत नाही. निर्णय कोणाचा, उत्पन्नात वाटा किती आणि काम सोडण्याची मुभा आहे की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते अवलंबून असते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्वतंत्र महामंडळ स्थापन केले आहे. तेथील मागणी नियम कमी करण्याची नसून संरक्षण देणारे नियम लागू करण्याची आहे.

मोकळीक कोठे चालत नाही

सर्वच कामांत डबेवाल्यांची रीत लागू पडत नाही. नेवासे तालुक्यातील सोनई येथे मुळा सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्याही साखर कारखान्यात बाष्पक (बॉयलर), गव्हाण, मिल आणि वीजनिर्मिती यांची कामे ठरलेल्या क्रमानेच करावी लागतात. बाष्पकावर प्रमाणपत्रधारक माणूसच असावा लागतो आणि त्याची वेळोवेळी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. वाफेचा दाब किती ठेवायचा हा पाळीवरील कामगाराच्या पसंतीचा विषय होऊ शकत नाही, कारण एका चुकीची किंमत अनेकांच्या जिवाने मोजावी लागते. शस्त्रक्रिया, रेल्वेचे सिग्नल आणि औषधनिर्मिती यांनाही हेच लागू आहे.

अशा ठिकाणीही मोकळीक पूर्णपणे वगळली जात नाही. पाळ्यांची अदलाबदल, दुरुस्तीची आखणी, नवशिक्यांना शिकवण्याची रीत यांत कामगारांचे म्हणणे निर्णायक ठरू शकते. धोका दिसताच यंत्र थांबवण्याचा अधिकार तर प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती असणेच हितावह असते.

नावलौकिक

नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज चार्ल्स यांनी मुंबई भेटीत डबेवाल्यांची भेट घेतली आणि २००५ मधील आपल्या विवाहाला त्यांच्या प्रतिनिधींना निमंत्रण दिले. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर अभ्यासप्रकरण तयार केले. २०१३ मधील 'द लंचबॉक्स' या रितेश बत्रा दिग्दर्शित चित्रपटाचे कथानक चुकीच्या पत्त्यावर जाणाऱ्या एका डब्याभोवती गुंफलेले आहे.

डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा' हे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले आहे असे अनेकदा लिहिले जाते. 'फोर्ब्स' नियतकालिकाच्या १९९८ मधील लेखानंतर हा समज पसरला. त्या नियतकालिकाने असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नव्हते. चुका अत्यल्प होतात हे सर्वमान्य असले तरी एक कोटी साठ लाखांत एक यांसारखे प्रचलित आकडे मोजणीवर आधारलेले नसून अंदाजाचे आहेत.

मर्यादा आणि टीका

पहिली मर्यादा प्रवेशाची आहे. परस्परविश्वास नात्यागोत्यावर आणि एका प्रदेशावर उभा असल्याने बाहेरच्या माणसाला या व्यवसायात शिरकाव मिळणे अवघड जाते. स्त्रियांचे प्रमाणही नगण्य आहे. ज्या एकजिनसीपणामुळे लेखी नियमांची गरज भासत नाही, तोच इतरांसाठी अडसर ठरतो.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची आहे. डबेवाला स्वतःच भागीदार असल्याने नोकरदाराला मिळणारे भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन यांसारखे लाभ त्याला आपोआप मिळत नाहीत. पन्नाशीनंतर जड पाटी उचलणे कठीण होते. आजारपणात गट सांभाळून घेतो, परंतु ते माणुसकीच्या नात्याने; तो कायदेशीर हक्क नसतो.

ही उणीव २०२० मध्ये तीव्रतेने समोर आली. कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि कार्यालये ओस पडली. जेवण नेण्याचे काम एका दिवसात थांबले. नोकरदार घरून काम करू लागले, त्यांचा पगार बहुतांशी चालू राहिला. डबेवाल्यांचे उत्पन्न मात्र पूर्णपणे बंद झाले. तोटा सर्वांत समान वाटण्याची रीत येथे उपयोगी पडली नाही, कारण सर्वांचाच व्यवसाय एकाच वेळी बुडाला होता. अनेक जण गावी परतून शेतीकडे वळले, काहींनी मुंबईतच पहारेकऱ्याची किंवा वाहनचालकाची कामे धरली. पुढे लोकल सुरू झाली तरी घरून काम करण्याची पद्धत काही प्रमाणात कायम राहिल्याने आणि भ्रमणध्वनीवरून जेवण मागवण्याच्या सेवा वाढल्याने डबेवाल्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत बरीच घटली.

या नव्या सेवांतील तरुणही कागदोपत्री 'भागीदार' म्हणवले जातात. परंतु त्यांचा मोबदला कंपनी ठरवते, काम नेमून देणारी संगणकीय प्रणाली त्यांना बदलता येत नाही आणि गिऱ्हाईकही त्यांचे नसते. डबेवाल्यांची भागीदारी आणि ही भागीदारी यांतील फरक स्वायत्ततेचा विचार करताना लक्षात घेणे आवश्यक ठरते.

महत्त्व

डबेवाल्यांच्या कार्यपद्धतीवरून नियम आणि मोकळीक या परस्परविरोधी गोष्टी नाहीत असे दिसते. अनेकांना बांधणारे थोडे नियम सर्वांनी मिळून स्वीकारले तर उरलेल्या कामावर पहारा ठेवण्याची गरज राहत नाही. मात्र अशी मोकळीक केवळ विश्वासाच्या भाषेवर टिकत नाही. लहान गट, दीर्घ सहवास, कामाचे संपूर्ण ज्ञान, उत्पन्नात समान वाटा आणि नकार देण्याचा अधिकार या गोष्टी तिच्या मुळाशी आहेत. यांपैकी काही न देता फक्त नियम काढून घेतले तर कामगाराच्या वाट्याला स्वातंत्र्याऐवजी जोखीम येते. २०२० च्या अनुभवाने आणखी एक अट पुढे आणली आहे: ज्याला कामात स्वातंत्र्य आहे त्यालाही आजारपण, वार्धक्य आणि आपत्ती यांत आधार मिळण्याची सोय असली पाहिजे. ती सोय एका गटाच्या शक्तीबाहेरची असून तिच्यासाठी संघटना, समाज आणि शासन यांची जोड लागते.